लिज्जत टिकली आणि गावोगावचे पापड गट का बंद पडले?

प्रश्न असा आहे: गिरगावातल्या सात गृहिणींनी ८० रुपयांवर सुरू केलेली 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' ही संस्था साठ वर्षांहून जास्त काळ उभी आहे; मग तोच पापड, तीच उडदाची डाळ घेऊन तालुक्याच्या गावात सुरू झालेले महिला गट दोन-तीन वर्षांत का गुंडाळले जातात? आणि या संस्थेमुळे बायकांच्या आयुष्यात नेमकं काय बदललं, काय तसंच राहिलं?

पापडाची चव, जाहिरातीतला ससा आणि 'महिला सक्षमीकरण' हा शब्द, या तिन्ही गोष्टी थोडा वेळ बाजूला ठेवूया. लिज्जत टिकली ती चार-पाच रोखठोक नियमांवर. पीठ तोलून द्यायचं, पापड तोलून घ्यायचा, लाटण्याची मजुरी हातोहात द्यायची, उधारी करायची नाही, आणि नफा झाला तर सगळ्यांचा, तूट आली तरी सगळ्यांची. बंद पडलेल्या गटांच्या वह्या उघडून पाहिल्या तर यातला एखादा नियम पहिल्याच वर्षी मोडलेला सापडतो. बहुतेक वेळा तो उधारीचा असतो.

गच्चीवरची सुरुवात

१५ मार्च १९५९. गिरगावातलं लोहाणा निवास. जसवंतीबेन जमनादास पोपट आणि त्यांच्या सहा शेजारणी इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या. भांडवल म्हणून ८० रुपये उसने घेतले ते छगनलाल करमशी पारेख यांच्याकडून. ते 'सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी'चे, म्हणजे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात स्थापलेल्या भारत सेवक समाजाचे कार्यकर्ते. सगळे त्यांना छगनबाप्पा म्हणत. पहिल्या दिवशी चार पाकिटं तयार झाली.

पहिल्या वर्षातले तीन निर्णय बघण्यासारखे आहेत. पहिला: तोटा झाला तरी देणगी मागायची नाही. दुसरा: या बायका सुरुवातीला दोन प्रतींचा पापड करत होत्या, हलका माल स्वस्तात विकायचा म्हणून. छगनबाप्पांनी सांगितलं की एकच प्रत ठेवा, आणि तिच्यात कधीही कमीजास्त करू नका. तिसरा: हिशेब धंद्यासारखा लिहायचा. तुकडा पडलेला पापड विकायला जायचा नाही. तो शेजारपाजारी वाटून टाकायचा.

पावसाळा आला तेव्हा पापड वाळेनात आणि चार महिने काम बंद ठेवावं लागलं. तरी पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये झाली. पुढच्या पावसाळ्याआधी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरायचे, खाली स्टोव्ह पेटता ठेवायचा. वाळवणाचा प्रश्न सुटला आणि काम बारमाही झालं. बारमाही काम म्हणजे बारमाही मजुरी, आणि बाई संस्थेला धरून राहते ती याच कारणाने. आजही पावसाळी वाळवणाची सोय न करता फेब्रुवारीत उद्योग सुरू करणारे गट जूनमध्ये थांबतात. ऑक्टोबरात पुन्हा जमायचं ठरतं, तोवर निम्म्या बायका दुसऱ्या कामाला लागलेल्या असतात.

तीन महिन्यांत पंचवीसेक जणी झाल्या, दुसऱ्या वर्षी शंभर-दीडशे, तिसरं वर्ष संपताना तीनशेच्या वर. गच्चीत एवढ्या बायका मावेनात, म्हणून मळलेलं पीठ घरी न्यायचं, घरी लाटायचं आणि वाळलेले पापड परत आणून तोलून द्यायचे, ही पद्धत सुरू झाली. लिज्जतची सगळ्यात मोठी ताकद मानली जाणारी घरून काम करण्याची रचना अशी जागेच्या अडचणीतून आली. १९६२ साली नाव ठरवायला स्पर्धा ठेवली. 'लिज्जत' सुचवणाऱ्या भगिनीला (संस्था सभासद बायकांना भगिनी म्हणते) पाच रुपयांचं बक्षीस मिळालं. आपल्याकडे लज्जत म्हणतात तोच हा गुजराती शब्द. १९६२-६३ ची विक्री १ लाख ८२ हजारांवर गेली.

जुलै १९६६ मध्ये संस्था नोंदणी कायदा, १८६० खाली नोंदणी झाली. त्याच वर्षी खादी व ग्रामोद्योग आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष उछरंगराय ढेबर यांनी स्वतः पाहणी केली, सप्टेंबरात ग्रामोद्योग म्हणून मान्यता मिळाली आणि आयोगाकडून ८ लाख रुपयांचं खेळतं भांडवल आलं. इथला क्रम महत्त्वाचा आहे. सरकारी पैसा आला तो सात वर्षं रोखीत धंदा करून, वही दाखवण्याजोगी झाल्यावर. आपल्याकडे बरेच गट हा क्रम उलटा करतात: आधी अनुदान, मग यंत्र, मग बायका गोळा करणं, आणि विक्रीचा विचार सगळ्यात शेवटी.

वजनकाट्यावर काय होतं

लिज्जतच्या शाखेतली सकाळ थोडक्यात अशी: गाडी ठरलेल्या थांब्यांवरून भगिनींना घेऊन येते. काही जणी पीठ मळण्याच्या कामावर असतात. बाकीच्या कालचे वाळलेले पापड काट्यावर देतात, ते तपासले जातात, मजुरी घेतात, आजचं मळलेलं पीठ डब्यात घेतात आणि घरी जातात. या मजुरीला तिथे 'वणाई' म्हणतात. आपल्या भाषेत लाटणावळ. ती किलोवर ठरते.

ही साखळी वाचायला सोपी आहे, पण गट इथेच घसरतात. म्हणून आकडे घेऊन बघू.

१ किलो उडीद डाळीच्या पिठाला साधारण ३५ ते ५० ग्रॅम पापडखार, तेवढंच मीठ, २५ ते ४० ग्रॅम जाडसर कुटलेले मिरे आणि हिंग लागतो. खार आणि मीठ पाण्यात उकळून, गाळून, थंड करून घ्यायचं. पाणी ३५० ते ४०० मिलीच्या पुढे नेऊ नये. पीठ घट्टच हवं. ते तेलाचा हात लावून कुटायचं, ताणलं की तुटू नये इतकं. मग वळी करून दोऱ्याने लाट्या कापायच्या. असं सगळं मिळून दीड किलोच्या आतबाहेर मळलेलं पीठ होतं. वाळताना त्यातलं पाणी उडतं, आणि १ किलो मळलेल्या पिठातून साधारण ८०० ग्रॅम पापड हाती येतो.

आता एखाद्या बाईने ४ किलो मळलेलं पीठ नेलं. तिच्याकडून ३ किलो २०० ग्रॅम पापड यायला हवा. ३ किलो १५० आला, तर ठीक. पोळपाटाला, हाताला, तुकड्यांत तेवढं जातं. २ किलो ९०० आला, तर विचारायला हवं. पण ३ किलो ४०० आला तर? नवख्या गटात तिचं कौतुक होतं. खरं तर हाच माल परत पाठवायचा असतो. वाढीव २०० ग्रॅम म्हणजे पाणी आहे. त्या पाण्याची लाटणावळ तुम्ही दिलीत, पापडाच्या भावाने ते विकलंत, आणि पंधरा दिवसांत पाकिटात बुरशी आली की दुकानदार अख्खी पेटी परत करतो. ओला पापड हातावर घेतला तर गार लागतो. नीट वाळलेला लागत नाही. काट्यावर बसणाऱ्या बाईच्या हाताला हा फरक कळायलाच हवा.

उलट टोकही आहे. वैशाखाच्या कडक उन्हात थेट टाकलेला पापड कडा वळवतो आणि पाकिटात भरताना तडकतो. आधी सावलीत, वाऱ्यावर सुकू द्यायचा, मग थोडंसं ऊन दाखवायचं. खार जास्त पडला तर पापड भाजताना लालसर होतो आणि तोंडात साबणासारखा लागतो. कमी पडला तर फुलत नाही. तेल जास्त झालं तर महिन्याभरात खवट वास येतो. आणि मळलेलं पीठ दुसऱ्या दिवसावर ठेवलं तर आंबूस होऊन लाटताना फाटतं. म्हणूनच 'आज नेलेलं उद्या आणायचं' हा नियम ढिला करून चालत नाही. ती शिस्त पिठानेच घालून दिलेली आहे.

म्हणून खार, मीठ, मसाला यांचं माप एकाच जागी, एकीच्या हाताखाली हवं. लिज्जतमध्ये कच्च्या मालाची खरेदी मध्यवर्ती असते. हिंग अफगाणिस्तानातला, मिरे केरळातले, असं ठरलेलं. लाटणं हजारो घरांत, पण पीठ एका हातचं. आपल्या गटांत नेमकं उलटं दिसतं: प्रत्येकीने आपापल्या घरी आपापल्या हाताने सगळंच करायचं आणि लेबल मात्र एक लावायचं. गिऱ्हाइकाला पहिलं पाकीट आवडतं, दुसरं वेगळं लागतं, तिसरं ते घेत नाही.

वेळेचाही हिशेब मांडा. लाटी १७ ग्रॅमची धरली तर ४ किलोत साधारण २३५ पापड होतात. सरावाचा हात तासाला ६० ते ७० पापड लाटतो. म्हणजे साडेतीन ते चार तास नुसतं लाटणं, शिवाय पसरणं, उलटणं, गोळा करणं. लाटणावळ ठरवताना हे तास समोर ठेवा. शेजारच्या गावचा गट किलोला काय देतो यावरून दर ठरवला की बाई दुप्पट राबते आणि पदरात रोजंदारीच्या निम्मंही पडत नाही. मग सोयाबीनच्या काढणीला हाक आली की ती जाणारच, आणि तिने जावंच.

उधारीचं गणित

समजा गटाकडे २०,००० रुपये आहेत. सोमवारी डाळ-मसाला आणला, बुधवारी पाकिटं भरली, गुरुवारी रोखीने विकली. चार दिवसांत पैसा परत. २८ दिवसांत तो सात वेळा फिरतो, म्हणजे १ लाख ४० हजारांच्या लागतीचा माल त्याच २० हजारांत निघतो. आता तोच माल दुकानदाराला ४५ दिवसांच्या बोलीवर दिला, तर एका फेरीला ४९ दिवस लागतात. महिन्यात एकही फेरी पुरी होत नाही. लाटणावळ मात्र रोज द्यायची असते. मग ती थांबते. 'पैसे आले की देऊ' हे वाक्य गटात पहिल्यांदा उच्चारलं गेलं की आठवड्याभरात चार पोळपाट कमी होतात.

लिज्जतने खरेदीही रोखीने आणि विक्रीही रोखीने असाच रस्ता धरला. सुरुवातीला याने गिऱ्हाईक कमी मिळतं, हे खरं आहे. भुलेश्वरसारख्या बाजारात नव्या मालाला उधार दिल्याशिवाय कोण घेणार, असं तेव्हाही म्हणता आलं असतं. पण कमी विकून रोख आणणं आणि पुष्कळ विकून वसुलीला फिरणं यांत, ज्या गटातल्या बायकांची चूल त्या मजुरीवर पेटते, त्यांना पहिलंच परवडतं.

सण आणि प्रदर्शनं यांच्याबद्दल एक सावधगिरी. प्रदर्शनात तीन दिवसांत महिन्याची विक्री होते, त्या जोरावर गट पीठ दुप्पट मळायला लागतो, आणि चौथ्या दिवशी ती गिऱ्हाइकं राज्यभर पांगलेली असतात. गटाचा नेम रोजच्या विक्रीवर असावा. गावातल्या पंधरा खानावळी, पाच किराणा दुकानं, दोन वसतिगृहं, जे असेल ते, पण दर आठवड्याला घेणारं.

मालकीण कोण

लिज्जतची सभासद फक्त बाईच होऊ शकते. पुरुष कामाला असतात, हिशेबनीस, चालक, पहारेकरी म्हणून, पण पगारी. मालकीत त्यांचा वाटा नाही. शिक्षणाची अट नाही. सुरुवातीला लहान मुलीही येत, पुढे अठरा वर्षांची मर्यादा घातली. घर स्वच्छ हवं आणि पापड वाळवायला जागा हवी, एवढं बघितलं जातं. जागा नसेल किंवा लाटणं जमत नसेल, तर मळण्याचं, पाकिटं भरण्याचं, तपासणीचं काम असतं. प्रत्येक शाखेला संचालिका, वर २१ जणींची मध्यवर्ती व्यवस्थापन समिती, आणि या साऱ्या भगिनींमधूनच आलेल्या. निर्णय एकमताने घ्यायचा, एकीचाही ठाम विरोध असेल तर तो पुढे जात नाही.

शाखेचा नफा त्या शाखेच्या भगिनींत सारखा वाटला जातो, कधी रोख, कधी सोन्याच्या रूपात. कोणी जास्त पापड लाटले तर तिला लाटणावळ जास्त मिळालेलीच असते. नफ्याचा वाटा मात्र सारखा. यावर गटांत हमखास वाद होतो: 'मी रोज सहा किलो नेते, ती दोन, मग वाटा सारखा का?' माझ्या मते लिज्जतचं उत्तर बरोबर आहे. कष्टाचा मोबदला किलोवर, मालकीचा मोबदला डोक्यावर. हे दोन एकत्र केले की आजारी, म्हातारी, बाळंतीण बाई आधी मागे पडते आणि मग बाहेर. मात्र हा नियम पहिल्या बैठकीत, एक रुपयाही नफा व्हायच्या आधी लिहून ठेवायचा. नफा समोर आल्यावर सारखं वाटायला कुणी राजी होत नसतं.

तूट आली तर? लाटणावळीत किलोमागे ठरावीक कपात, सगळ्यांना सारख्या दराने आणि तूट भरेपर्यंतच. ती फळ्यावर रोज लिहायची: तूट किती होती, आज किती भरली, किती उरली. ज्या गटात तूट फक्त अध्यक्षा आणि सचिवाला ठाऊक असते, तिथे अध्यक्षेच्या दागिन्यांवर ती भरली जाते. नंतर ना गट राहतो, ना शेजार.

नोंदणीबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. लिज्जतची नोंदणी १९६६ सालची आहे. तिचं रूप जसंच्या तसं उचलू नका. सोसायटी किंवा न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थेला नफा सभासदांत वाटायची सरळ वाट नसते. वाटायचाच असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली सहकारी संस्था करा किंवा उत्पादक कंपनी, म्हणजे माल करणाऱ्यांच्याच मालकीची कंपनी, करा. आणि अन्नपदार्थ म्हटल्यावर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी पहिल्या पाकिटाच्या आधी.

समाजात काय बदललं

पापड लाटणं हे आपल्याकडे चैत्र-वैशाखातलं वाळवणाचं काम. चाळीत एका घरी पापड असले की शेजारणी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन येतात, उद्या दुसरीकडे. सासू मळते, सून लाटते, पोरं गच्चीवर कावळे हाकतात आणि लाट्या खातात. यात कौशल्य आहे, मेहनत आहे, पैसा कुठेच नाही. लिज्जतने नेमक्या याच कामाला किलोचा दर लावला. बाईला नवं काही शिकावं लागलं नाही, घराबाहेर आठ तास राहावं लागलं नाही, घरच्यांची परवानगी मागताना 'घरीच तर बसून करायचंय' हे सांगता आलं. १९५९ च्या गिरगावात मॅट्रिकही नसलेल्या, लहान मुलं पदराशी असलेल्या गृहिणीला याहून दुसरं दार फार क्वचित उघडं होतं.

आणि पैसा रोज मिळाला, थेट तिच्या हातात. महिन्याचा पगार घरात आल्यावर त्याला वाटा फुटतात. रोजची लाटणावळ दूध, वह्या, औषध यांत ती स्वतः ठरवून घालते. विधवा, नवऱ्याने टाकलेल्या, व्यसनी नवऱ्याच्या घरात राहणाऱ्या बायकांना हा फरक किती मोठा होता ते त्यांच्याशिवाय कोण सांगणार? मुलांना शिष्यवृत्त्या, भगिनींसाठी साक्षरता वर्ग ही कामं संस्थेने पुढे केली. आज जवळपास ४५ हजार भगिनी आहेत, सगळ्या जातीधर्मांच्या. २०२१ साली जसवंतीबेन पोपट यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा त्या नव्वदीत होत्या.

जे बदललं नाही तेही स्पष्ट सांगायला हवं. काम घरात आलं म्हणून घरकाम कमी झालं नाही. स्वयंपाक, धुणीभांडी उरकून मग पोळपाट. खांदे आणि कंबर यांची दुखणी या कामात ठरलेली आहेत. ज्या गटांना शक्य आहे त्यांनी पोळपाटाखाली पुरेशा उंचीचा पाट आणि पाठीला टेका, एवढी तरी सोय प्रत्येक घरात करावी. खोलीत पापड पसरले की मुलांना अभ्यासाला जागा उरत नाही. आणि 'तू मालकीण आहेस' म्हटलं की म्हातारपणाची तरतूद आपोआप होत नाही. कामगाराला मिळणारा भविष्यनिर्वाह निधी मालकिणीला कोण भरणार? तो गटाने आपल्या हिशेबात किलोमागे काही पैसे बाजूला काढून, प्रत्येकीच्या नावावर वेगळा ठेवायला हवा. हे करणारे गट फारच थोडे आहेत, याची खंत वाटते.

दुसरी वाट: अन्नपूर्णा

त्याच मुंबईत, लालबाग-परळच्या गिरणगावात, दुसऱ्या बायका दुसरा पदार्थ विकत होत्या: दोन वेळचं जेवण. कोकण, सातारा, घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार त्यांच्या खानावळीत जेवत आणि पैसे पगार झाल्यावर देत. तोवर बाईने वाण्याकडून उधारीवर, चढ्या भावाने धान्य आणायचं किंवा सावकाराकडे जायचं. म्हणजे तिच्या धंद्यात उधारी टाळताच येत नव्हती. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. पुरव मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तिलढ्यात उतरलेल्या, पुढे गिरणगावात कामगारांत काम करणाऱ्या. मंडळाने स्वयंपाक एकत्र केला नाही. प्रत्येकीची खानावळ तिचीच राहिली. एकत्र केली ती पत. गटाने एकमेकींची हमी घेतली आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज बायकांपर्यंत आणलं. त्यामुळे वाण्याची उधारी सुटली आणि रोखीचा भाव मिळू लागला.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगारांची मिळकत थांबली. खानावळींचं गिऱ्हाईक त्याबरोबर गेलं. कर्ज, हमी, शिस्त सगळं असलं तरी एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर उभा असलेला धंदा किती कच्चा असतो, ते तिथे दिसलं. पापड उद्योगालाही हे लागू आहे: सगळा माल एकाच घाऊक व्यापाऱ्याला देणारा गट त्या व्यापाऱ्याच्या मर्जीवर जगतो.

बचत गटाने उद्योग करताना

१९७५ सालच्याच फेब्रुवारीत महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, स्थापन झालं. १९९२ मध्ये नाबार्डने, म्हणजे राष्ट्रीय कृषी आणि ग्रामीण विकास बँकेने, ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग केला, आणि पुढे माविम आणि २०११ पासून 'उमेद' (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) यांच्यामुळे बचत गट गावोगाव पोचले. १० ते २० जणी, आणि पंचसूत्री: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नीट हिशेब. या पंचसूत्रीने सावकाराचा पाय पुष्कळ घरांतून निघाला, यात शंका नाही.

पण ती पैसा सांभाळायची रीत आहे. उद्योगाला लागणाऱ्या गोष्टी, म्हणजे कच्चा माल किती उरला, पापड किती कमी आला, कुणाकडून येणं आहे, हे तिच्या वहीत कुठेच बसत नाही. बचत गटाने पापड सुरू केला की बहुतेक वेळा बचतीची रक्कमच डाळीत जाते. मग एकीला मुलाच्या फीसाठी कर्ज हवं असतं तेव्हा पेटीत पैसा नसतो, कोपऱ्यात पोती असतात. बचत बुडाली म्हणून बाई गटही सोडते.

उपाय सोपा आहे, पाळायला कडक आहे. बचतीची वही आणि उद्योगाची वही वेगळी, बँकेतलं खातंही वेगळं. उद्योगात ज्यांना यायचं त्यांनीच यावं; वीसपैकी सात आल्या तरी पुरे. उद्योगाला गटाकडून पैसे हवे असतील तर रीतसर अंतर्गत कर्ज म्हणून, व्याजाने आणि हप्त्याने. उद्योगाच्या वहीला आठ रकाने: तारीख, नाव, दिलेलं पीठ, आलेला पापड, तुकडा, कमी-जास्त, दिलेली लाटणावळ, सही. दर शनिवारी डाळ, पीठ, मसाला, भरलेली पाकिटं प्रत्यक्ष तोलून वहीशी ताडायची. तोलणारी आणि लिहिणारी बाई वेगळी असावी, आणि दोघी दर तीन महिन्यांनी बदलाव्यात. काट्याचं काम सगळ्यांना यायला हवं, म्हणजे संशयाला जागा उरत नाही आणि एक बाळंतपणाला गेली तर काम अडत नाही.

शाखा वाढवायची घाई करू नका. लिज्जतचा मालाडला शाखा काढण्याचा १९६१ मधला पहिला प्रयत्न फसला होता. महाराष्ट्राबाहेरची पहिली शाखा गुजरातेत वालोडला निघाली ती १९६८ मध्ये. पापडाव्यतिरिक्त खाकरा, मसाले, वड्या, साबण चालले, पण आगपेट्या आणि उदबत्त्या तेवढ्या चालल्या नाहीत. पदार्थ वाढवताना निकष एकच ठेवा: तो माल आताच्या गिऱ्हाइकालाच, त्याच फेरीत, रोखीने विकता येतो का. कुरडई आणि सांडगे येतात. मेणबत्ती येत नाही.

दुसऱ्या गावाच्या बायका आल्या तर त्यांना आधी महिनाभर तुमच्याच काट्यावर पापड आणू द्या. ४ किलो पिठामागे त्यांचं ३ किलो २०० ग्रॅम सलग जमायला लागलं, की त्यांच्यातल्या एकीला मसाल्याचं माप आणि वही शिकवा. पीठ मात्र पहिले सहा महिने तुमच्याकडूनच जाऊ द्या.